खिडकीबाहेर कूलर लावायचाय? सोसायटीची परवानगी अशी काढा

लातुरात होळी झाली की इमारतींच्या भिंतीवर कूलर दिसायला लागतात. औसा रोडवरच्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीची मी सात वर्षं सचिव होते. देखभालीच्या पैशांवरून झाली नाहीत एवढी भांडणं या काळात बाहेरच्या भिंतीवरून झाली. कुणी गॅलरीवर पत्रा टाकला, कुणी पेटीसारखी पुढे आलेली जाळी बसवली, एकाने तर फक्त आपल्या खिडकीभोवती पोपटी रंग मारला. पण सगळ्यात जास्त भांडणं कूलरची.

एका एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या मामींच्या कुरडयांवर पडलं. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या कुरडया. मला त्यांचं रडणं बघवलं नाही. संध्याकाळी मी ग्रुपवर लिहून टाकलं, "बाहेरचे सगळे कूलर २४ तासांत काढावेत, नाहीतर ५०० रुपये दंड." रात्री तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा दारात उभा. "काकू, आमची खोली पश्चिमेची. लेकरं रातभर रडूलालेत. कूलर काढून काय करू, सांगा."

मला काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी उपविधींचं, म्हणजे संस्थेच्या नियमांचं, पुस्तक काढून बसले, तेव्हा कळलं की त्याने परवानगी न घेता स्टँड ठोकला होता हे जितकं चूक, तितकाच माझा दंडाचा मेसेजही चूक होता. पुढच्या दोन वर्षांत जे शिकले ते इथे लिहिते. कूलरच्या जागी जाळी किंवा पत्रा धरला तरी रस्ता हाच आहे.

सगळ्यात आधी तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते बघा. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका, कागद बघा. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि संस्थेचे मंजूर उपविधी लागू होतात. आपल्याकडे बऱ्याच इमारती 'अपार्टमेंट' म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांना १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू होतो आणि तिथे इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) वाचावं लागतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. खिडकीच्या आतली खोली तुमची, बाहेरची मुख्य भिंत सगळ्यांची. सोसायटीच्या आदर्श उपविधींत (शासनाने दिलेल्या नमुना नियमांत) तर स्पष्टच आहे की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय फ्लॅटमध्ये बदल किंवा वाढीव काम करायचं नाही. "अध्यक्षांना जिन्यात विचारलं होतं, हो म्हणाले" ही परवानगी होत नाही.

आता अर्ज. "कूलर लावण्यास परवानगी मिळावी ही विनंती" एवढ्या एका ओळीला समिती नाही म्हणते, कारण नेमकं काय होणार हे तिला कळत नाही. त्या मुलाकडून मी दुसऱ्यांदा अर्ज लिहून घेतला, तो असा होता:

"फ्लॅटच्या पश्चिमेकडील खिडकीबाहेर ६० लिटर टाकीचा कूलर लोखंडी स्टँडवर बसवायचा आहे. स्टँड भिंतीत फास्नरने बसवला जाईल, छज्जावर भार येणार नाही. टाकीचं पाणी नळीने डक्टमधील पाइपात सोडलं जाईल. भिंतीला डाग किंवा तडा गेल्यास दुरुस्ती माझ्या खर्चाने करीन. सोबत जागेचा फोटो आणि फॅब्रिकेशनवाल्याने दिलेलं मोजमाप जोडलं आहे."

दोन प्रती करा. एकीवर सचिवाची सही, तारीख आणि शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा. अर्ज फेब्रुवारीतच द्या. मे महिन्यात घामाघूम माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत, हे मी सात उन्हाळे पाहिलं आहे.

समितीत बसलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की "कूलर घरात ठेवा" असं म्हणू नका. हा कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, म्हणून गार लागतो. बंद खोलीत ठेवला तर तासाभरात खोली दमट होते आणि माणूस चिकचिकून जातो. ज्या गावात पारा चाळिशी ओलांडतो तिथे सरसकट बंदीचा ठराव कुणी पाळणार नाही, आणि पाळला जात नाही असा नियम बाकीच्या नियमांनाही पोकळ करतो. म्हणून नकार देऊ नका, अटी घाला.

अटींमध्ये वजन पहिलं. ६० लिटर पाणी म्हणजेच ६० किलो, वर पत्र्याची बॉडी आणि मोटर वेगळी. हा बोजा भिंतीत नुसती गिट्टी (स्क्रूचा प्लग) ठोकून स्क्रू पिळलेल्या स्टँडवर ठेवायचा नाही, आणि छज्जावर तर नाहीच. छज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोघांनी छज्जावर ५०० लिटरच्या टाक्या ठेवल्या होत्या. भरली की अर्ध्या टनाची टाकी, आणि खाली पोरांची खेळायची जागा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना डोक्यावरच्या अशा वजनाखाली उभं राहवत नाही. त्या टाक्या मी इंजिनिअरला बोलावून, दोन्ही घरांसमोर त्याच्या तोंडून ऐकवून, मग उतरवल्या. शेजाऱ्याने सांगितलेलं टोचतं, जाणकाराने सांगितलेलं माणूस ऐकतो.

पाण्याची अट दुसरी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. थेंब थेंब गळालं की महिन्याभरात भिंतीवर पांढरे ओघळ उतरतात आणि ते रंगानेही नीट झाकत नाहीत. नळी हवीच, आणि टाकीतला फ्लोट दर हंगामाला तपासायला हवा. तिसरी अट विजेची, आणि हिच्यात तडजोड नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग लागतंच. पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, शिकवा.

जाळीचा अर्ज असेल तर आतून उघडणारी एक खिडकी असावी ही अट घाला, म्हणजे आग लागली तर बाहेर पडता येतं. गॅलरी भिंतीने बंद करायची असेल तर मात्र समितीची सही पुरत नाही. ते बांधकाम ठरतं, त्याला महानगरपालिकेची किंवा नगरपालिकेची मंजुरी लागते.

समितीने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही तर लेखी कारण मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ दिवसांत निर्णय कळला नाही तर तुम्हाला पुढे जाता येतं. आधी सर्वसाधारण सभा बघा. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला विशेष सभा बोलवावी लागते, म्हणजे आमच्या २४ जणांत पाच सह्या. मी हाच रस्ता आधी धरायला सांगते, कारण निकाल देणारी माणसं तीच भिंत रोज बघतात. कागदपत्रं दाखवत नाहीत, सभा घेत नाहीत, अशा तक्रारी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात जातात. कूलर राहील की जाईल हा वाद मात्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा. तिथे तारखा लागतात, वकील लागतो, म्हणून ते शेवटी. आणि कुणी पाणी तोडायची धमकी दिली तर घाबरू नका. आदर्श उपविधींत तशी शिक्षा कुठेही नाही. दंड लावायचा तोही सर्वसाधारण सभेने, कारणे दाखवा नोटीस देऊन. माझ्यासारखा ग्रुपवर नाही.

आमचा ठराव कुरडयांच्या भांडणाच्या वर्षीच, सप्टेंबरच्या सभेत झाला. सगळ्या कूलरना एकाच मापाचा स्टँड, रंग भिंतीचाच, पाणी डक्टमध्ये, आणि जुन्या कूलरना पुढच्या होळीपर्यंत मुदत. ज्यांनी आधीच लावले होते त्यांनाही त्याच अटी, अध्यक्षांच्या मेहुण्यालासुद्धा. शेवटची ओळ पहिल्या मजल्यावरच्या मामींनी घालायला लावली. मार्च ते मे गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग कुरडया-पापड वाळवण्यासाठी राखीव, तिथे कुणी टाकी किंवा डिश लावायची नाही आणि गच्चीची किल्ली सकाळी सहापासून सचिवाच्या दाराला लटकलेली असेल.