डंपरचा आंधळा भाग फक्कीनं आखून ठेवा

चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणी असोत नाहीतर आपल्या कोल्हापूरजवळच्या टोपच्या दगडखाणी, डंपर मागं घेताना नाहीतर जागेवरनं हलवताना माणूस चाकाखाली जातो कारण ड्रायव्हरला तो दिसतच नाही, आणि खाली उभारलेल्याला वाटतं की एवढा मोठा मी, दिसणारच की.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे मैदानावर आखायला वापरतात ती फक्की.

१. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (सरकू नयेत म्हणून दगड नाहीतर ठोकळा) लावा.
२. रोजचाच ड्रायव्हर सीटवर बसवा आणि आरसे त्याच्या सवयीप्रमाणं लावू द्या.
३. दुसरा गडी गाडीला चिकटून उभारून हळूहळू लांब जाईल, नुसतं डोकं दिसून भागत नाही, ड्रायव्हरला त्याची कंबर दिसली की त्यानं हाक मारायची, तिथं खूण. असं चारी बाजूंनी करा. क्लिनर साईडला जरा जास्त वेळ द्या, स्टेअरिंग उजवीकडं असल्यामुळं तिकडं न दिसणारा पट्टा बराच रुंद निघतो.
४. खुणा जोडून आतला सगळा भाग फक्कीनं भरा आणि खाणीतल्या प्रत्येकाला, वजनकाट्यावरच्या पोराला सुद्धा, एकदा त्या सीटवर बसवून खाली उभारलेला माणूस शोधायला लावा. सांगून जे पटत नाही ते तिथं बसल्यावर लगेच पटतं, म्हणून ही पायरी अजिबात गाळू नका.

जेसीबी, लोडर, उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांना हेच चालतं, फक्त प्रत्येक गाडीचा पट्टा वेगळा येतो.

आखणी चालू असताना इंजिन बंद आणि चावी खाली फिरणाऱ्याच्या खिशात पाहिजे.