निवृत्तीनंतर राहायला शहर कसे निवडावे : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मार्गदर्शक

ठाण्यात किंवा नवी मुंबईत उभी नोकरी काढलेल्या कुटुंबासमोर साठी जवळ आली की एक विचार हमखास येतो. राहता फ्लॅट चांगल्या किमतीला जाईल, त्या पैशांत लहान शहरात ऐसपैस घर येईल आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर निवांत राहता येईल, असा हा हिशेब असतो. पुष्कळांच्या बाबतीत तो खराही ठरतो. मात्र आधी घर विकत घेतले आणि मग गाव पारखायला सुरुवात केली, तर परतीची वाट फार महाग पडते. त्यामुळे कोणते शहर, या प्रश्नाइतकाच कोणत्या क्रमाने ठरवायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढे उदाहरणांसाठी नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर आणि आपल्याच परिसरातील नवी मुंबईचे नोड, म्हणजे नेरूळ, खारघर यांसारखे विभाग, घेतले आहेत, कारण या विषयावरच्या बोलण्यात हीच नावे वारंवार येतात.

पहिली पायरी : दरमहाचा खर्च मांडावा

वर्षभराची बँकेची पासबुके समोर ठेवून किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधे, घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार, रिक्षा आणि लग्नकार्यांचे आहेर असा प्रत्यक्ष खर्च काढावा. नव्या शहरात यातले काय कमी होईल, हे नंतर पाहावे. किराणा आणि औषधे कुठेही जवळपास त्याच भावाने मिळतात; खरी बचत घरभाड्यात, मेंटेनन्समध्ये आणि घरकामाच्या पगारात होते. उत्पन्नाच्या बाजूला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे उदाहरण घेता येईल. तिची मर्यादा एका व्यक्तीसाठी ३० लाख रुपये आहे आणि २०२५ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के होता. म्हणजे पूर्ण रक्कम गुंतवल्यास दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला सरासरी २०,५०० रुपये. पती-पत्नी दोघेही पात्र असतील तर दोघांची स्वतंत्र खाती उघडता येतात. हे व्याज करपात्र आहे आणि महागाईबरोबर ते वाढत नाही, याची नोंद त्याच कागदावर करून ठेवावी.

फ्लॅट विकून हाती येणारी रक्कमही कर वजा करूनच धरावी. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यांपैकी जो दीर्घकालीन भांडवली नफा कर कमी होईल तो भरता येतो. विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरे घर घेतल्यास त्या घरात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. नव्या घरावर सहा-सात टक्क्यांचे मुद्रांक शुल्क पडते. खरेदी केवळ घरातल्या स्त्रीच्या नावे केली तर निवासी घरासाठी त्यात एक टक्का सवलत आहे. नवी मुंबईतील बहुतांश जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्यामुळे तिथे विकताना आणि घेताना हस्तांतरण शुल्काची चौकशी आधी करावी.

दुसरी पायरी : गाव त्याच्या वाईट महिन्यात पाहावे

डिसेंबरात कोणतेही गाव छान दिसते. ठाण्याच्या दमट, उबदार हवेला सरावलेल्या शरीराला नाशिकची कोरडी थंडी जानेवारीच्या पहाटे जाणवते. तिथे पारा दहा अंशांखाली उतरणे नवे नाही. ज्यांना सांधेदुखी किंवा दमा आहे त्यांनी नाशिक जानेवारीतच पाहावे. उलट, रत्नागिरीत हिवाळा सौम्य असतो, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे ते गाव जुलैमध्ये पाहावे. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते का, वीज किती वेळा जाते, छत्री धरून भाजी आणायला रस्ता धड आहे का, हे त्याच महिन्यात कळते. कोल्हापूरला २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी वस्तीत शिरले होते. तिथे घर पाहताना पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी, जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासावी आणि गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. तो भिंतीवरची खूण दाखवतो.

नाशिकचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना अशी की, २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत ते शहर पारखू नये. त्या काळातील रस्ते, भाडी आणि धावपळ हे नाशिकचे नेहमीचे रूप नाही.

तिसरी पायरी : गावातली जाग, म्हणजे माणसांची वर्दळ, तपासावी

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा असे मला मनापासून वाटते. पैशांअभावी परत आलेली माणसे मला फारशी माहीत नाहीत. दिवस जाईना म्हणून परत आलेली मात्र माहीत आहेत. नौपाड्यातले एक ओळखीचे जोडपे कोकणात आपल्या मूळ गावाजवळ सुरेख घर बांधून राहायला गेले. अंगण, आंबे, शांतता, सगळे मनासारखे होते. पण काकांना संध्याकाळी चार माणसांत बसण्याची आणि काकूंना वाचनालयाची सवय होती, आणि त्या वाडीत सहानंतर रस्त्यावर कोणी नसे. ते पुन्हा ठाण्यात भाड्याने राहू लागले.

आपल्याला इथे नकळत काय काय मिळते ते आधी लिहून काढावे. ठाणेकरांच्या यादीत तलावपाळीची संध्याकाळची फेरी, गडकरी रंगायतनचे नाटक, १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, जानेवारीतली रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला, पाडव्याची कोपिनेश्वराची स्वागतयात्रा आणि जांभळी नाक्यावरची ताजी भाजी येईल. वाशीकरांच्या यादीत विष्णुदास भावे नाट्यगृह येईल, नेरूळकरांच्या यादीत ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातली सकाळ येईल. मग प्रत्येक ओळीसमोर नव्या गावातले उत्तर लिहावे.

या कसोटीवर आपली मध्यम शहरे चांगली उतरतात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे आहे. नाशिकला मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते. अडचण वेगळीच असते. परवडणारे फ्लॅट या ठिकाणांजवळ नसतात. नाशिकमध्ये गर्दी, दुकाने आणि कार्यक्रम यांची जाग कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि जुन्या गावात आहे, तर स्वस्त घरे पाथर्डी फाट्याकडे किंवा आडगावच्या बाजूला मिळतात. रात्री साडेनऊला नाटक सुटल्यावर तिथपर्यंत रिक्षा मिळत नसेल, तर नाशिकमध्ये राहूनही आपण नाशिकचे होत नाही. म्हणून निवड शहराची न करता वस्तीची करावी, आणि दोन खोल्या कमी घेऊन वस्ती चांगली घ्यावी.

प्रत्यक्ष तपासणीसाठी आठवड्याचा मधला दिवस निवडावा. मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास त्या वस्तीतल्या बागेत, मंदिराच्या आवारात किंवा कट्ट्यावर जाऊन बसावे. पासष्ट-सत्तरीची माणसे घराबाहेर दिसतात का, अनोळखी माणसाला आपणहून विचारतात का, हे पाहावे. स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला पाहुणे म्हणून जाऊन बसता येते. तिथे अर्ध्या तासात दलालाकडून महिनाभरात कळणार नाही एवढे कळते. आजारपणात घरी डबा पोचवणारे पोळीभाजी केंद्र जवळ आहे का, हेही तिथेच विचारावे.

चौथी पायरी : दवाखाना, जिना आणि रस्ता

रुग्णालय किती मोठे आहे हे विचारण्याऐवजी, रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर अँजिओप्लास्टी होईल असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते आणि तिथे नेणार कोण, हे विचारावे. चालू असलेल्या आजाराचे तज्ज्ञ डॉक्टर त्या शहरात रोज बसतात की आठवड्यातून एकदा पुण्या-मुंबईहून येतात, याची खात्री करावी. ७० वर्षे आणि त्यावरील ज्येष्ठांना आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. त्यासाठी यादीतले कोणते रुग्णालय जवळ आहे ते पाहून ठेवावे. या बाबतीत नवी मुंबईची बाजू भक्कम आहे, कारण नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात मोठी रुग्णालये एकमेकांपासून फार दूर नाहीत.

घर पाहताना लिफ्ट आहे एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. अनेक इमारतींत पार्किंगपासून लिफ्टच्या दारापर्यंत चार-पाच पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्या पाच पायऱ्या पाचव्या मजल्याइतक्याच अवघड असतात. न्हाणीघराचे दार व्हीलचेअर जाईल इतके रुंद आहे का, कमोडजवळच्या भिंतीत धरायची दांडी बसेल का, हे टेप लावून पाहावे. निवृत्तांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत; जाहिरातीपेक्षा त्या सूचना समोर ठेवून बिल्डरला प्रश्न विचारावेत.

पाचवी पायरी : येण्या-जाण्याची वाट

मुले, नातवंडे आणि जुने डॉक्टर बहुधा इथेच राहतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून ठाणे-नाशिक अंतर वेळेच्या दृष्टीने कमी झाले आहे. रत्नागिरीसाठी मडगाव वंदे भारत ठाणे आणि पनवेल येथे थांबते, मात्र पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्या सावकाश धावतात. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे.

सहावी पायरी : वर्षभर भाड्याने राहावे, इथला फ्लॅट विकू नये

वरच्या सगळ्या पायऱ्यांतून एक वस्ती ठरली की तिथे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घर घ्यावे आणि ठाण्यातला फ्लॅट तशाच नोंदणीकृत करारावर भाड्याने द्यावा. इथले भाडे बहुधा तिथल्या भाड्यापेक्षा जास्त येते, त्यामुळे हा प्रयोग खिशावर पडत नाही. भाडेकरूची पोलीस पडताळणी करावी, एक कपाट कुलूप लावून आपल्या सामानासाठी ठेवावे आणि सोसायटीला रीतसर कळवावे. फ्लॅट आधी विकला तर करसवलतीसाठीची दोन वर्षांची मुदत त्याच दिवसापासून धावू लागते आणि घाईत नको ते घर घेतले जाते, हे न विकण्याचे दुसरे कारण.

या वर्षात सण तिथेच करावेत. गणपती आणि दिवाळी ठाण्यात काढून उरलेले दिवस तिकडे राहिल्यास परीक्षा अपुरी राहते. पती-पत्नींनी आपापली मते वेगवेगळी लिहावीत, कारण बहुतेक घरांत एकाला गाव हवे असते आणि दुसऱ्याने केवळ होकार दिलेला असतो.

ज्यांचे बाहेरच्या कोणत्याही शहरात नातेवाईक किंवा जुने स्नेही नाहीत, त्यांनी हाच प्रयोग आधी नेरूळ, बेलापूर, खारघर किंवा नवीन पनवेलमध्ये करून पाहावा असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घोडबंदर रोडवरचा मोठा फ्लॅट सोडून तिथे लहान घर घेतले तर थोडी रक्कम मोकळी होते, रुंद पदपथ आणि बागा मिळतात आणि ओळखीची माणसे लोकलच्या अंतरावर राहतात. खारघरमध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावत आहे. बचत नाशिकइतकी होणार नाही, हे मान्य करूनच हा पर्याय घ्यावा.

सातवी पायरी : खरेदी आणि कागदपत्रे

वर्ष पूर्ण झाल्यावर दोघांचेही मत टिकून असेल तर घर घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) नसलेली इमारत कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. इच्छापत्र आणि नामनिर्देशन नव्या घरानुसार बदलावे. आधार, बँक, आरोग्य विमा आणि मतदार यादीतला पत्ता एकाच महिन्यात बदलून घ्यावा. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला नव्या गावातल्या कोणत्या शाखेत किंवा मोबाइलवरून कसा द्यायचा, हे ऑक्टोबरातच बँकेत जाऊन विचारून ठेवावे, म्हणजे स्थलांतराच्या गडबडीत पेन्शन अडकत नाही.