सबवूफरच्या या चुका टाळा: सुताराला फोन लावण्याआधी वाचा

सांगलीत कुणी ‘बेस पाहिजे’ म्हणालं की ओळखायचं, डोक्यात मिरवणुकीतला डॉल्बी आहे. रे डॉल्बींनी 1965 साली कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करायला, आणि त्यांच्याच नावानं आपण खिडक्यांच्या काचा हलवतो. असो. मिरवणुकीत छातीवर आदळतो तो आवाज साधारण 50 ते 100 हर्ट्झचा. सिनेमातली गडगड 30 च्याही खाली उतरते. ती काढायला जो वेगळा स्पीकर लागतो तो सबवूफर. तिथं नुसता दणका कामाचा नाही, खोक्याचं माप बरोबर लागतं.

आणि माप म्हटलं की मला माझा मेव्हणा आठवतो. बारा इंची ड्रायव्हर, म्हणजे खोक्यात बसवायचा नुसता स्पीकर, आणला, हिशेब केला: 91 लिटरचं खोकं, 28 हर्ट्झचं ट्यूनिंग, म्हणजे खोक्याला लावलेल्या पाइपातली हवा ज्या सुराला घुमते तो. मग सुताराला फोनवरच सांगून मोकळा, ‘सगळ्या बाजू पंचेचाळीस सेंटीमीटर.’ सुतारानं इमानदारीत बाहेरून पंचेचाळीस करून दिलं. 18 मिलिमीटरचा प्लाय दोन्हीकडून वजा केला की आत राहतात 41.4 सेंटीमीटर, म्हणजे 71 लिटर. त्यातलं ड्रायव्हरचं मॅग्नेट, आधाराच्या पट्ट्या आणि पाइप यांनी आणखी खाल्लं. राहिले जेमतेम 64. पाइप मात्र 91 च्याच हिशेबानं, आतून 10 सेंटीमीटर रुंद आणि 26 लांब. ट्यूनिंग गेलं 33 वर.

“पाच हर्ट्झनं काय होतंय दाजी?”

त्याच रात्री कळलं. पाइपच्या खोक्यात ट्यूनिंगच्या खाली गेलं की आतली हवा कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढं-मागं हलणाऱ्या भागाला, धरून ठेवत नाही, कोन मोकाट सुटतो. पडद्यावर स्फोट झाला की खोक्यातून टक्, टक्. याला वाटलं सिनेमातच बंदुका चालल्यात, म्हणून आवाज वाढवला. सकाळी मी कोन बोटांनी हळूच दाबला तर आतून खर्रर्र. कोनमागची तारेची कॉइल मागं आपटून वाकली होती.

तेव्हापासून मी माप फोनवर देत नाही. कागदावर चित्र काढतो आणि ‘आतून’ हा शब्द लाल पेनानं लिहितो. पाइप सगळ्यात शेवटी कापतो. त्या 64 लिटरला 28 हर्ट्झ हवे असते तर पाइप 40 सेंटीमीटर लागला असता. 41 च्या खोक्यात तो सरळ बसतच नाही, तोंडाशी हवेला जागा नको का? एल्बो लावून वळवावा लागतो. एवढी दगदग नको असेल तर पहिलं खोकं बंद करा, बिनपाइपचं. खोली थोडी कमी गडगडेल, पण चार-पाच लिटरची चूक ते पोटात घालतं. ‘पहिल्यांदाच करतोय, पण पाइपचंच पाहिजे’ म्हणणाऱ्यांना मी हल्ली चहा पाजून वाटेला लावतो.

मिरजेच्या सतारीचा भोपळा घुमायलाच हवा, तुमचं खोकं घुमता कामा नये. बोटाच्या पेरानं ठोकून बघा. ‘ठण’ वाजलं तर आत आडवी पट्टी मारा. पार्टिकल बोर्ड वापरू नका, एक पावसाळा पुरतो त्याला.

खोक्यावरचा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभरच्या ताकदीचा फुगवलेला आकडा वाचूच नका, आरएमएस विचारा, म्हणजे सतत पेलणारे वॅट. आणि वॅट दुप्पट केले तरी हाती फक्त तीन डेसिबल लागतात.

रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरमध्ये, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडं जातो ती हद्द) 80 ला ठेवलाय ना? मग सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर. दोन्हीकडं कापाकापी नको.

हूं असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे भेटतात. त्यांना काय बोलणार! टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर एकाच बोर्डावर लावा. तरी आला तर आधी डिशची केबल काढून बघा.

विश्रामबागेत एकाकडं ‘सबवूफर गेलाय’ म्हणून बोलावलं होतं. चौदा फुटी हॉल आणि सोफा बरोब्बर मध्यावर. चौदा फुटांत 40 हर्ट्झची अर्धी लाट बसते, तिचा दाब दोन्ही भिंतींशी जास्त आणि मध्यावर जवळपास शून्य. मी त्यांना उठवून मागच्या भिंतीला टेकून उभं केलं. “आवाज वाढवला काय?” मी बटणाला हातही लावला नव्हता.

सोफा हलणार नव्हता, कारण वर पंखा. मग माझी नेहमीची पद्धत: सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवला, बेसचं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं आणि दोघंही गुडघ्यांवर भिंतीकडेनं रांगत निघालो. जिथं बेस भरीव आणि एकसारखा ऐकू येईल तीच त्याची जागा. आतून त्यांच्या आई आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या.

“काय हरवलंय रं?”

जागा सापडली ती शोकेसच्या शेजारी, त्यांच्या शिलाई मशीनच्या जागेवर. मशीन हलवायला त्यांनी आठ दिवस लावले.