लाइटहाऊसचा इतिहास कसा शोधायचा, टॉवरचा पण आणि कीपर लोकांचा पण

लाइटहाऊस म्हटलं की लोक कधी बांधलं आणि किती उंच एवढ्यावरच थांबतात. ते अर्ध्या तासात मिळतं हो, पण रात्र रात्र जागून बत्ती चालू ठेवणारी माणसं कोण होती हे शोधायला खरी मेहनत लागते आणि माझ्या मते खरा इतिहास तोच. मुंबई बंदर धरून सांगतो.

आधी एकच बत्ती पकडा, सगळ्या किनाऱ्याच्या मागे लागू नका. मुंबई बंदराजवळ दोन भारी आहेत. एक कुलाब्याच्या टोकापुढे खडकावरचं प्राँग्ज, १८७५ चं, इंजिनिअर थॉमस ऑर्मिस्टन. दुसरं अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं, १८६७ चं, अष्टकोनी. मी सुरुवातीला खांदेरीच घ्या म्हणेन, कारण १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी इंग्रजांशी झुंजत तिथे किल्ला उभा केला आणि जवळपास दोनशे वर्षांनी त्याच बेटावर इंग्रजांनी मुंबईला येणाऱ्या जहाजांसाठी दिवा लावला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, पण त्या गडबडीत दिव्याबद्दल कोणी बोलत नाही.

मग कागद. इथे १८७३ साल डोक्यात पक्कं ठेवा, त्या वर्षी मुंबई बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट सुरू झाला. म्हणजे खांदेरीच्या बांधकामाचे कागद त्याआधीच्या सरकारी खात्यांच्या दप्तरात, म्हणजे राज्य पुराभिलेखागारात शोधायचे, आणि प्राँग्जसाठी पोर्ट ट्रस्टचे रिपोर्ट बघायचे. कुलाबा जिल्ह्याचं (म्हणजे आताच्या रायगडचं) १८८३ चं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, नेटवर फुकट मिळतं. जुन्या इंग्रजी कागदात खांदेरीचं केनरी आणि शेजारच्या उंदेरी बेटाचं हेनरी झालंय, त्या नावांनीपण सर्च करा. कीपरची नावं हवी असतील तर बांधकामाच्या फायली सोडा आणि पगार, रजा, बदली, तेलाचा हिशोब, तक्रारी असलं काही दिसतंय का ते बघा. माणूस तिथेच सापडतो.

जागेवर जाताना आधी परवानगी. प्राँग्जच्या बाजूचा भाग नेव्हीचा आहे, शिवाय ओहोटीला खडक उघडा पडतो म्हणून चालत जायचा मोह होईल, पण भरती कधी परत येते हे माहीत असल्याशिवाय अजिबात जाऊ नका. खांदेरीला थळहून होडी, पावसाळा सोडून.

वर पोचलात की फक्त व्ह्यूचे फोटो काढू नका. भिंगाच्या चौकटीवर किंवा खालच्या यंत्रावर पितळी पट्टी आहे का बघा, त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, आपल्याकडे बरीच जुनी भिंगं बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स कंपनीची किंवा पॅरिसहून आलेली. जुन्या फिरत्या बत्त्यांमध्ये भिंग घड्याळासारख्या यंत्रावर फिरायचं, टॉवरच्या आत एक वजन हळूहळू खाली यायचं आणि ते तळाला जायच्या आत कीपरने हँडल मारून परत वर घ्यायचं, रात्रभर हेच. बऱ्याच ठिकाणी भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवायचे म्हणजे जड असूनही सहज फिरायचं, आणि त्या पाऱ्याची वाफ छोट्या खोलीत श्वासातून अंगात जायची. हे माहीत असेल तर जुन्या कीपरला योग्य प्रश्न विचारता येतात.

आणि माणसांशी बोलायचं काम सगळ्यात आधी करा, कागद थांबतील, म्हातारी माणसं नाही थांबणार. रिटायर झालेले कीपर, त्यांच्या बायका, मुलं, सगळ्यांशी बोला. "अनुभव कसा होता" असं विचारलंत तर "चांगला होता" एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा की पावसाळ्यात होडी बंद झाली की रेशन कसं यायचं, गोडं पाणी कुठलं, बाळंतपण कुठे झालं, पोरांची शाळा कुठे, काच कशाने पुसायचात, बत्ती बंद पडली तर आधी काय करायचात. घरच्या बाईला नक्की विचारा, पाण्याचा आणि शाळेचा हिशोब तिलाच पाठ असतो.

परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, फाइलच्या नावात तारीख आणि बत्तीचं नाव टाका, घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यात कोण कोण आहे ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या, आणि सगळ्याची एक कॉपी त्या घरी देऊन या.