पास रशर पारखायचा कसा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू म्हणजे पास रशर. एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) जवळ आला की ज्याच्या नावावर सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं) जास्त, त्याचा बोलबाला जास्त. पण सॅकच्या आकड्यावरून क्रमवारी लावू नका. आधी प्रत्येक सॅक टेपवर बघा. काही वेळा रशरला अडवायला कोणीच आलेलं नसतं. काही वेळा पास झेलणारे रिसीव्हर मोकळे नसतात, म्हणून क्वार्टरबॅक चार-चार सेकंद चेंडू धरून उभा राहतो. अशा सॅक वेगळ्या काढा.

निदान पाच सामने बघा आणि त्यातले दोन तरी चांगल्या टॅकलविरुद्धचे (टॅकल म्हणजे रशरला कडेला अडवणारा लाइनमन) निवडा. स्क्रीन (रशरला मुद्दाम पुढे येऊ देऊन टाकलेला छोटा पास), प्ले-अ‍ॅक्शन (चेंडू घेऊन धावण्याची हूल देऊन टाकलेला पास) आणि चेंडू दोन सेकंदांच्या आत सुटलेले प्ले सोडून द्या, त्यात रशरची परीक्षा होतच नाही. सुरुवात थर्ड डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) सात यार्डांच्या पुढचं अंतर असलेल्या प्लेपासून करा. प्रत्येक रशची एक ओळ लिहा: कुठे उभा होता, पहिला डाव कोणता, तो फसल्यावर काय केलं, आणि अडीच सेकंदांत टॅकलला हरवलं का.

पहिलं पाऊल बघताना चेंडू हलतो त्या फ्रेमवर टेप थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. शेजारच्या लाइनमनच्या आधी तो हलतो का? ही नोंद बाहेरच्या मैदानावरच्या सामन्यांतूनही घ्या. घरच्या मैदानावर प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे पाहुण्या संघाला सायलेंट काउंट (आवाज न देता खुणेने प्ले सुरू करणं) वापरावा लागतो. त्याची लय रशरला सापडली की तो आहे त्यापेक्षा चपळ दिसतो.

खरी पारख वळणावर होते. कडेने धावणाऱ्या रशरला, प्ले जिथून सुरू होतो त्या लाइनच्या मागे साधारण सात यार्डांवर आत वळावं लागतं. तिथे एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कॅमेऱ्यातून त्याचं आतलं पाऊल बघा. चवडा क्वार्टरबॅककडे वळलेला, घोटा वाकलेला आणि आतला खांदा टॅकलच्या हाताखाली गेलेला असेल, तर वेग न घालवता तो वळतो. पाऊल सरळ पुढेच पडत असेल, तर तो नऊ-दहा यार्डांपर्यंत वाहत जातो. टॅकल त्याला मागून नुसता ढकलतो आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून निवांत पास टाकतो. कॉलेजमध्ये निव्वळ वेगावर हे खपून जातं, एनएफएलमध्ये नाही.

तितकाच महत्त्वाचा प्रतिडाव. टॅकल बाहेरची बाजू राखायला जास्त सरकला, तर हा आत घुसतो का? छातीवर हात पडल्यावर ते झटकतो, की तिथेच अडकून राहतो? एकच डाव येणाऱ्याला मी पहिल्या फेरीत घेणार नाही, मग सॅक कितीही असोत.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनचे (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचे) आकडे टेप बघून झाल्यावर हातात घ्या. चाळीस यार्डांच्या धावेपेक्षा त्यातले पहिले दहा महत्त्वाचे, 1.6 सेकंदांच्या आसपासची वेळ चांगली. थ्री-कोन (तीन शंकूंभोवती वळत धावण्याची चाचणी) सात सेकंदांच्या आत आलं, तर वळणाबद्दलच्या तुमच्या नोंदीला दुजोरा मिळतो. हात 33 इंचांपेक्षा आखूड असले की अनेक संघ कचरतात. पण एडन हचिन्सनचे हात त्याहून आखूड होते, थ्री-कोन 6.73 सेकंदांत झालं, आणि 2022 मध्ये डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. टेरेल सग्सची चाळीस यार्डांची धाव संथ निघाली, म्हणून 2003 मध्ये तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढे त्याने 139 सॅक केल्या. उलट 2008 मध्ये न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या क्रमांकावर घेतलेल्या व्हर्नन गोल्स्टनच्या चाचण्या डोळे दिपवणाऱ्या होत्या, पण एनएफएलमध्ये त्याला एकही सॅक मिळाली नाही. प्रो डेच्या (कॉलेजमध्येच होणाऱ्या चाचण्यांच्या) वेळा बऱ्याचदा हातातल्या घड्याळावरच्या असतात, त्यामुळे त्या कम्बाइनच्या वेळांशी थेट ताडू नका.

शेवटी वय बघा. चोवीस वर्षांचा गडी एकोणीस वर्षांच्या टॅकलला नुसत्या ताकदीने मागे रेटत असेल, तर त्या रशपुढे खूण करा आणि हिशोबात त्याला कमी वजन द्या.