दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

आधी एक करा, सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायचं सोडून द्या. टोकियो आणि न्यूयॉर्क नकाशावर जवळपास समोरासमोर दिसतात म्हणून वाटतं विमान पॅसिफिकवरून नाकासमोर जात असेल, पण पृथ्वी गोल आहे ना, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता वर अलास्काकडून वळून जातो.

पृथ्वीगोल असेल तर मजा आहे. दोरा घ्या, एक टोक लंडनवर अंगठ्याने दाबा आणि दुसरं न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणा, दोरा आपसूक सरकून सगळ्यात कमी अंतरावर बसतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर, दोरा १३ सेंटीमीटर भरतो, म्हणजे झाले साडेपाच हजार किलोमीटर. खरं अंतरही तेवढंच आहे!

गोल नसेल तर ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेतच, फक्त शहराचं नाव न टाकता एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड टाका, कारण एकट्या लंडनलाच पाच-सहा एअरपोर्ट आहेत. आणि उत्तर कशात आलंय ते बघा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, विमानवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ चा.

आता वेळ. किलोमीटरला ८५० ने, म्हणजे विमानाच्या साधारण ताशी वेगाने, भागा आणि वर अर्धा तास टाका, रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी. साडेपाच हजारला साडेसहा तास येतात, अधिक अर्धा, म्हणजे सात. हा अर्धा तास छोट्या फ्लाइटला विसरलात तर हिशोब पार गंडतो, ४०० किलोमीटरला नुसत्या भागाकाराने २८ मिनिटं येतात, प्रत्यक्षात तासभर जातो.

पण जायला आणि यायला सारखाच वेळ लागेल असं धरू नका. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येताना सात तासांच्या आत-बाहेर, पण उलट जाताना आठेक तास लागतात. हिवाळ्यात हा फरक जास्तच जाणवतो.

तिकिटावरच्या वेळांवरून काढणार असाल तर दोन्ही वेळा आपापल्या शहरातल्या असतात हे लक्षात असू द्या. मी एकदा ११ ला सुटून २ ला पोचणारी फ्लाइट बघून तीनच तास म्हणून खूश झालेलो, ती निघाली आठ तासांची, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे. त्यातही गंमत अशी की दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि नंतर परत मागे घेतात, पण वेगवेगळ्या तारखांना, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर संपता संपता आठवडाभर हा फरक चारच तासांचा होतो, तेव्हा आजचा फरक बघून चालत नाही, प्रवासाच्या तारखेचा बघा.