अपडेटनंतर सॉफ्टवेअर बंद पडतंय? आधी काढून परत टाकू नका

विंडोजची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. पुढचे दोन-तीन दिवस कुडाळच्या माझ्या दुकानात एकच तक्रार: 'काल चालत होतं, आज आपोआप बंद होतंय.' मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. तो वाढतो दुकानात येण्याआधी घरी केलेल्या उद्योगांमुळे.

त्यातला सगळ्यात वाईट उद्योग म्हणजे सॉफ्टवेअर काढून परत टाकणं. देवगडचे एक आंबा व्यापारी ऐन मे महिन्यात सीपीयू गाडीत घालून आले. म्हणाले, "तीन येळा काढून घातलंय, पण परत तसाच करता." हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत होतं, नोंदही घेत होतं; बिलावर प्रिंट दाबलं की गायब. मी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधून कुठल्या दिवशी काय बिघडलं हे दाखवणारा विंडोजचा तक्ता उघडला. अपडेटच्या दिवसापासून लाल फुल्या. एका फुलीचा तपशील उघडला, तर 'फॉल्ट मॉड्यूल नेम' (प्रोग्राम कुठल्या फाइलीत कोसळला ते नाव) या ओळीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नावच नाही. तिथे प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला प्रिंटर चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, डीएलएल फाइल (प्रोग्राम वापरतात तो कोडचा तयार तुकडा). जुना ड्रायव्हर काढला, प्रिंटर कंपनीच्या साइटवरून नवा घातला, वीस मिनिटांत बिल छापून आलं.

बिलाचा नंबर होता १. तिसऱ्या खेपेला भाच्याने 'नीट साफ करूया' म्हणत प्रोग्रामचा उरलेला फोल्डर शिफ्ट-डिलीट केला होता, आणि डेटा त्यातच होता. पुष्कळ जुनी सॉफ्टवेअरं डेटा स्वतःच्या फोल्डरातच ठेवतात. सगळं नीट सुरू झालं की जुनी बिलं आपोआप दिसतील, असं त्यांना वाटत होतं. एसएसडीवरून (नव्या प्रकारच्या चिपवाल्या डिस्कवरून) असा पुसलेला डेटा सहसा परत मिळत नाही. मी प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. शेवटचा बॅकअप गुढीपाडव्याचा. वाशीला गेलेल्या पेट्यांचा तेव्हापासूनचा सगळा हिशेब त्या घराने कच्च्या पावत्या पसरून, रात्री जागून परत भरला. बागायतदारांचे पैसे तोवर अडकले. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय: मशीन समोर आलं की पहिल्यांदा डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर, त्याला त्या दिवसाची तारीख. मग ती मॉड्यूलची ओळ वहीत उतरवायची. ही ओळ वाचल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. एक मात्र सांगतो, तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं विंडोजच्या स्वतःच्या फाइलीचं नाव दिसलं तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. प्रोग्राम तिथे कोसळला एवढंच त्यातून कळतं. ढकलणारा बहुधा दुसराच असतो.

हरवलेली डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टम३२ या विंडोजच्या फोल्डरात टाकणारेही भेटतात. कृपा करून हे करू नका. एमएसव्हीसीपी१४० ही डीएलएल नाही असा संदेश आला, तर ती ज्यात येते ते मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. विंडोज ६४ बिटचं असलं तरी जुन्या ३२ बिट प्रोग्रामला ३२ बिटचंच लागतं, म्हणून मी दोन्ही टाकतो. जुनं सॉफ्टवेअर डॉट नेट ३.५ (मायक्रोसॉफ्टचा आणखी एक पूरक भाग) मागत असेल, तर विंडोज फीचर्समध्ये त्यावर टिक करा.

शटडाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. आधी रीस्टार्ट करून बघा.

अँटिव्हायरस बंद करून सॉफ्टवेअर चालवू नका. विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत काय अडवलंय ते वाचा.

पावसाळ्यात दुसरंच दुखणं. वारा सुटला की लाइट जाते, आणि नेमकं तेव्हाच 'अपडेट ३५ टक्के' चाललेलं असतं. त्यापेक्षा राग येतो तो कंटाळून बटण दाबून मशीन बंद करणाऱ्यांचा. अर्धा तास थांबायला काय जातं? अर्धवट अपडेटने सिस्टमच्या फाइली बिघडल्या, की एक सोडून चार प्रोग्राम बंद पडायला लागतात. अशा वेळी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमचं रिस्टोअरहेल्थ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth), ते पूर्ण झाल्यावर एसएफसीचं स्कॅन (sfc /scannow); या विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या कमांड आहेत. डिझम चांगल्या फाइली एरवी विंडोज अपडेटवरूनच आणतं, तेव्हा नेट चालू हवं. मध्येच आकडा अडकल्यासारखा दिसेल, हात लावू नका. इन्व्हर्टर नसेल तर आकाश भरून आल्यावर अपडेटला हो म्हणू नका. सेटिंग्जमध्ये ते काही दिवस पुढे ढकलता येतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर अपडेट हिस्टरीतून त्या दिवशीचं अपडेट काढता येतं. केबीने सुरू होणारा त्याचा नंबर लिहून ठेवा, सॉफ्टवेअरवाल्याला फोन केलात की तो तोच विचारेल. विंडोजची अख्खी आवृत्तीच बदलली असेल, तर मागे जायला एरवी १० दिवस मिळतात. तोवर जागा करायची म्हणून विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर पुसू नका, मागे जाण्याची वाट त्याच फोल्डरातून आहे.